खुर्च्यांच्या घरातल्या विजूकाकू

विजूकाकूंचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या बुटांच्या पातळीवर. लुडविग्सहाफेनच्या कडेला, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेत त्यांचं घर होतं. मी दोनदा घंटा वाजवली, दार कुणी उघडेना. पत्ता चुकला असं समजून परत फिरणार, तोच जमिनीतून फोडणीचा वास आला. जर्मनीत येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. मोहरी, हिंग, कढीपत्ता असा ओळीने येणारा तो वास नाकात शिरला आणि डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी राहिलं. पण वास येत होता पायांखालून. "अगं, इकडेतिकडे काय बघतेस? खाली बघ, खाली!" असा आवाज आला. भिंतीत, अगदी जमिनीलगत, हातभर रुंदीची खिडकी होती. तिला लोखंडी गज, आणि गजांमागे एक गोल, घामेजलेला, हसरा चेहरा. "आमटी उतरवते नि आलेच वर. दार उघडलं की पटकन आत ये हं, हवा जाऊ देऊ नकोस."

नोव्हेंबर होता, म्हणून मला वाटलं, बाई थंडीसाठी म्हणतायत. दार उघडल्यावर त्यांनी मला दंडाला धरून आत ओढलं, दार लावलं, आणि भिंतीवरच्या काटा असलेल्या एका गोल यंत्राकडे बघून जर्मन लोकांच्या सवयीने म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे ठीक आहे. फार नाही हललं." ते यंत्र घरातल्या हवेचा ओलावा मोजायचं. हवा जपायची होती ती आमच्यासाठी नव्हे, खुर्च्यांसाठी.

मी मूळची कोल्हापूरची. दोन हजार तीन साली पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर म्हणून तिथे गेले. शेजारच्या मानहाइमच्या मराठी मंडळींतल्या कुणीतरी माझा नंबर काकूंना दिला आणि त्यांनी फोनवरच फर्मान काढलं, "शनिवारी जेवायला ये. येताना रिकामा डबा आण, जाताना भरून देते." पुढची जवळजवळ तीन वर्षं मी बहुतेक शनिवारी तो डबा घेऊन त्या घरी जात राहिले.

त्या पहिल्या दिवशी बैठकीच्या खोलीत मी कुठेतरी टेकणार, तोच काकू ओरडल्या, "तिथे नको गं!" मी दुसरीकडे वळले. "तिथेही नको, तिची विणलेली बैठक सुटत आलीय." शेवटी पाठीला दोन मोठे कान असलेल्या एका खोल खुर्चीत मला बसवण्यात आलं. तिच्यात बसल्यावर माझे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि उठताना काकूंना दोन्ही हात द्यावे लागले. आजूबाजूला सगळ्या तसल्याच. कुणी ओकची, कुणी अक्रोडाची, कुणी चेरीच्या लाकडाची. काहींच्या बैठका गवताच्या दोरीने विणलेल्या, काहींवर विरलेलं फुलाफुलांचं कापड. वाकडे पाय, पाठीवर कोरलेली गव्हाची लोंबी नाहीतर एखादं बेढब फूल. माणसं दोन, आणि खुर्च्या एखाद्या लग्नाला पुरतील इतक्या. जिन्याखाली, जिन्याच्या वळणावर, न्हाणीघराच्या दाराशीसुद्धा एक. घरात चालायचं म्हणजे अंग चोरून चालायचं. काकू मुळात ऐसपैस बाई, पण त्या घरात त्या अशा तिरक्या तिरक्या सराईतपणे जात की मला त्यांचं हसू येई आणि थोडं वाईटही वाटे.

हे सगळं काकूंच्या यजमानांचं, म्हणजे श्रीधरकाका देवलांचं. काका रंगांचे रसायनतज्ज्ञ. एकोणीसशे सत्तरच्या आसपास साताऱ्याहून तिथल्या रसायनांच्या कारखान्यात आले. काकू साताऱ्यात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. लग्न झालं आणि नकाशावरची ऱ्हाईन नदी प्रत्यक्ष बघायला मिळेल म्हणून आनंदाने आल्या. मुलगा झाला, वाढला, हॅम्बुर्गला गेला; फोनवर आईचं मराठी सगळं ऐकून घेऊन जर्मनमध्ये उत्तरं देऊ लागला. मधल्या काळात केव्हातरी एका रविवारी काका सहज गाडी काढून सीमेपलीकडे आल्सासमध्ये गेले. जर्मनीत रविवारी सगळं चिडीचूप, आणि पलीकडे फ्रान्समध्ये गावोगाव जुन्या सामानाचे बाजार भरलेले. तिथून ते एक खुर्ची घेऊन आले. मग दर रविवारी जाऊ लागले.

काकांचं खुर्च्यांवर बोलणं ऐकण्यासारखं असे, हे मी मान्य करते. "ही राजाच्या महालातली नाही बरं का," ते खुर्चीच्या हातावरून हात फिरवत म्हणायचे. "राजाच्या खुर्चीला सोन्याचा मुलामा. तिच्यात काय राम! गावच्या सुतारानं ती कधीतरी कुणा सरदाराच्या घरी दारातून पाहिली, आणि घरी येऊन आठवेल तशी केली. हे पाय बघ, जरा चुकलेत. चुकलेत म्हणून तर ही त्याची स्वतःची." मधमाश्यांचं मेण फडक्यावर घेऊन ते तासन्‌तास लाकूड चोळत. तोंडाने गुणगुणत. अशा वेळी इतके निरागस दिसत की त्यांच्यावर रागावायचं म्हटलं तरी जमत नसे. काका दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर काकू केव्हाच निघाल्या असत्या.

पण खुर्च्यांचे नियम होते. वर स्वयंपाकघरात फोडणी द्यायची नाही, तेलाचा धूर कापडावर बसतो. खिडक्या उघडायच्या त्या काकांनी यंत्र बघून सांगितल्यावर. पडदे ओढलेले, कारण उन्हाने लाकडाचा रंग उडतो. हीटिंगवर पाण्याच्या वाट्या. उदबत्ती तर नाहीच. त्यामुळे काकूंचा सगळा संसार हळूहळू तळघरात उतरला. तिथे कपडे धुवायचं मशीन होतं, त्याच्या शेजारी एक विजेची शेगडी, एक स्टूल, मसाल्याचा डबा, आणि मशीनच्या वरच्या फळीवर देव. मशीन पिळायला लागलं की बाळकृष्ण थरथरायचा. काकू त्याला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पोळी उलटत. गणपतीही खालीच बसायचा. आम्ही पाचसात जणं सतरंजीवर दाटीवाटीने बसून आरती म्हणायचो आणि वर सगळ्या खुर्च्या रिकाम्या असायच्या.

"आमच्याकडे कुणी बसायचं ते खुर्च्या ठरवतात," काकू म्हणायच्या. त्यांचं बोलणं असंच, हसत हसत चिमटा काढणारं. तिकडच्या बोलीतला 'अला हॉप' हा शब्द, म्हणजे 'चला तर मग', त्यांच्या जिभेवर इतका बसला होता की पोळ्या संपल्या तरी 'अला हॉप', आरती झाली तरी 'अला हॉप'. शनिवारी दुपारी मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि त्या मला गजांमधून दिसणारं जग समजावून सांगायच्या. "हा डावा बूट घासत चाललाय ना, ती कोपऱ्यावरची श्मिटबाई. गुडघा दुखतोय तिचा, पण डॉक्टरकडे जायची नाही. आणि ही लाल टाचा, ही नवीन दिसतेय. कुणाकडे आली असेल?" रस्त्यावर कुणाच्या घरी काय चाललंय ते काकूंना बुटांवरून कळे. मी एकदा म्हटलं, "काकू, वर जाऊन बोला की तिच्याशी." त्या म्हणाल्या, "आमटी उतू जाईल."

काकूंची गोष्ट मात्र एकच होती, आणि ती साताऱ्याची होती. नोकरी संपली की परत जायचं असं दोघांचं लग्नातच ठरलं होतं. साताऱ्यात त्यांनी लहानसं घर बांधून ठेवलं होतं. शेजारीच काकूंची धाकटी बहीण शकू, तीही आता एकटी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, हे काकूंनी मला इतक्या वेळा सांगितलं की तो मलाही दिसायला लागला. मी जर्मनीत जाण्याच्या आदल्याच वर्षी काका निवृत्त झाले होते. म्हणजे आता निघायचं. आणि काका निघत नव्हते.

त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. खुर्च्या सोडून ते जाणार नाहीत, आणि खुर्च्या साताऱ्याला नेता येणार नाहीत. "विजू, या लाकडाला तिकडची हवा मानवणार नाही. पावसाळ्यात फुगेल, उन्हाळ्यात तडकेल. शिवाय वाळवी."

"मग विका इथेच."

"विकायच्या असत्या तर आणल्या असत्या का?"

"लाकडाला तिकडची हवा मानवत नाही, आणि मला इकडची मानवते का, ते विचारलंत कधी?"

काका खरोखर विचारात पडले. मग काळजीने म्हणाले, "का गं, हीटिंग वाढवू का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि डबा भरायला घेतला. मी त्यांच्या जागी असते तर एखादी खुर्ची जिन्यावरून भिरकावली असती. काकूंनी मात्र हळूहळू काकांना एवढ्यावर आणलं की, बरं, चांगल्या खुर्च्या हॅम्बुर्गला मुलाकडे ठेवू, बाकीच्यांचं बघू. पण मग राहिलं ते कपाट.

ते वरच्या झोपायच्या खोलीत होतं. फ्रान्समधल्या लोरेन भागातल्या कुठल्याशा खेड्यातलं, ओकचं, छताला टेकलेलं, दोन माणसांनी हात पसरले तरी कवेत न येणारं. दारांवर फुलांची परडी कोरलेली. काकूंची आई वारली तेव्हा त्या साताऱ्याला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर हे उभं. खोलीची खिडकी निम्म्याहून अधिक त्याच्यामागे गेली होती. काकूंनी विचारलं, "हे आत आलं कसं? दारापेक्षा उंच आहे." काका म्हणाले, "आणलं कसंतरी. पण आता बाहेर काढायचं तर करवत चालवावी लागेल, आणि ते माझ्या जिवात जीव असेपर्यंत व्हायचं नाही." त्यानंतर कधीही साताऱ्याचा विषय निघाला की तो जिना चढून त्या कपाटापाशी येऊन थांबायचा. घर सोडायचं म्हणजे कपाट सोडायचं. नव्या मालकाला कपाटासकट घर नको असणार. कपाट कापायचं नाही. एकदा काकूंनी काकांना न विचारता सामान हलवणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला बघायला बोलावलं. काकांनी त्याला खालीच बसवून वाइन पाजली, चेरीच्या खुर्चीची हकिगत सांगितली आणि 'वर काही विशेष नाही' म्हणून वाटेला लावलं. काकूंना तेव्हा ते फक्त चमत्कारिक वाटलं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात माझी आई कोल्हापूरहून मला भेटायला आली. तिला काकूंकडे घेऊन गेले. नवीन माणूस मिळाल्यावर काकांना कोण उत्साह! त्यांनी आईला एकेका खुर्चीची कुळी सांगत थेट वर नेलं. काकू आणि मी मागोमाग. "हे नवरीचं कपाट," काका म्हणाले. "त्या भागात मुलगी जन्मली की ओकचं झाड तोडून ठेवायचे. लाकूड वर्षानुवर्षं सुकवायचं, आणि तिचं लग्न ठरलं की त्याचं कपाट करायचं. ही परडी म्हणजे भरल्या घराची खूण."

आई हरखली. "म्हणजे आपल्या रुखवतासारखंच की हो! आमच्या नणंदेच्या लग्नात रुखवतातलं कपाट टेम्पोत चढेना. वरातीच्या वेळेला अशी भांडणं झाली म्हणता! शेवटी ते माहेरीच राहिलं. अजून बोलून दाखवतात सासरचे."

काका हसले, मीही हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल, पण त्या दिवशी त्या कपाटाकडे अशा बघत होत्या जणू ते आत्ताच कुणी आणून ठेवलंय.

"अहो," त्या म्हणाल्या, "मग हे त्या मुलीच्या सासरी गेलं कसं?"

"गेलं असेल बैलगाडीतून."

"बैलगाडीत नंतर. आधी तिच्या माहेरच्या दारातून बाहेर काढलं कसं? खेड्यातली घरं ती. त्यांची दारं काय आपल्याहून मोठी होती?"

काका म्हणाले, "मेणाचा डबा खाली राहिला वाटतं," आणि जिन्याकडे वळले. काकू दारात उभ्या होत्या, आणि त्या हलल्या नाहीत. मी कपाटाच्या बाजूला गेले. कोपऱ्यावर, फळी खांबाला मिळते तिथे, करंगळीएवढी लाकडी खुंटी होती. तिच्याखाली आणखी एक. कुठे खिळा नाही, सरस नाही. एक खुंटी मी नखाने हलवून पाहिली, तर ती अर्धा इंच बाहेर आली. मी ती घाईने आत दाबली, पण काकूंनी पाहिलं होतं.

"हे सुटतं," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

आईने माझा हात ओढला, "चल गं, आपण खाली बसू." मी गेले नाही. काका खोलीच्या मधोमध उभे होते आणि अचानक फार म्हातारे दिसत होते. "मीच जोडलं होतं," ते म्हणाले. "तू आईच्या दिवसांना गेली होतीस. तुकडे तुकडे करून आणलं, एका दिवसात उभं केलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"इतकी वर्षं मी या कपाटाच्या पाया पडायची बाकी होते."

"विजू, साताऱ्याला मी कोण आहे?" काका म्हणाले. "भाऊ गेले. मित्र कुणी उरले नाहीत. तिथे मी म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातला जर्मनीचा म्हातारा. इथे निदान रविवारी बाजारात गेलो की लोक म्हणतात, मस्यू देवल आले. मला तिथे जायची भीती वाटते. तुला सांगायला लाज वाटली, म्हणून कपाटाचं नाव पुढे केलं."

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्हाला बाजारात लोक ओळखतात. मी तळघराच्या खिडकीतून लोकांचे बूट ओळखते. एवढंच मला इथे मिळालं, बघा." मग उठल्या, माझ्या आईला म्हणाल्या, "चला ताई, जेवण निवतंय," आणि आम्ही चौघं तळघरात बसून जेवलो. मटकीची उसळ होती. आईने घरी आल्यावर रडून घेतलं.

पुढच्या शनिवारी काकूंनी मला बोलावलं. काकांना म्हणाल्या, "सोडा ते. मला बघायचंय कसं सुटतं." काकांनी लाकडी हातोडीने हलके हलके ठोकत खुंट्या काढल्या. आधी वरचा कोरीव पट्टा, मग दारं, मग बाजू. मी आणि काकू धरत होतो. ते इतकं अलगद उतरलं की मला, इंजिनियर असून, त्या अनोळखी सुताराचं कौतुक वाटलं. तासाभरात भिंतीला टेकवलेल्या फळ्या तेवढ्या उरल्या आणि खोलीत ऊन आलं. काकांनी खिडकीही उघडली, यंत्राकडे न बघता. मग आशेने काकूंकडे वळून म्हणाले, "आला की नाही उजेड? आता राहशील ना?"

"मी उजेडासाठी भांडत नव्हते हो," काकू म्हणाल्या.

त्यांनी तिकीट काढलं. मला वाटलं होतं, रागारागाने निघतील, मुलगा मध्ये पडेल, मंडळी समजूत घालायला येतील. तसं काही झालं नाही. काकूंनी काकांना भात, वरण, मुगाची खिचडी एवढं शिकवलं. लोणच्याच्या बरण्या भरून ठेवल्या. मला म्हणाल्या, "रागावून गेलं ना, की परत यावं लागतं. मी रागावलेली नाही." विमानतळावर काका बॅग ढकलत आले. काकूंनी त्यांचा मफलर नीट केला आणि म्हणाल्या, "मी पुढे जाऊन घर झाडून ठेवते. तुम्ही या मागून." काकांनी मान हलवली. मला त्यांचं खरं वाटलं. त्यांचं त्यांनाही वाटलं असावं.

साताऱ्याहून काकूंचा फोन यायचा तेव्हा माझ्या कानाला हवा लागायची. मागे रिक्षांचे आवाज, कुकरच्या शिट्ट्या, शकूमावशींचं मध्येच बोलणं. "अगं, सकाळी उठले की चालत सुटते. शकूकडे दिवसातून चारदा जाते. खिडकी सताड उघडून फोडणी घालते, तर शेजारीण भिंतीपलीकडून ओरडते, आज आमटी वाटतं! मी म्हटलं, ये की वाटी घेऊन." शाळेतल्या जुन्या मुली, म्हणजे आता आज्या झालेल्या, त्यांना भेटायला येत. त्यांनी त्या आज्यांना घेऊन अजिंक्यताऱ्याची सहल काढली आणि निम्म्या वाटेवर दमून परत आल्या. तेही त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. पस्तीस वर्षांपूर्वी सोडलेलं गाव त्यांना जसंच्या तसं मिळालं नव्हतं. गर्दी फार झालीय, धूळ फार आहे, डास चावतात, अशी कुरकुरही असे. पण ती कुरकुर करायला त्या अख्ख्या गावभर हिंडून आलेल्या असायच्या.

काकांना त्या रोज संध्याकाळी फोन करत. पहिलं वाक्य ठरलेलं, "निघालात का?" आणि काकांचं उत्तरही ठरलेलं. एवढी एक बैठक विणून झाली की. एवढा हिवाळा सरला की. अक्रोडाच्या खुर्चीला गिऱ्हाईक येणार आहे, ते येऊन गेलं की. काकू म्हणत, "बरं. उद्या विचारते." मी अधूनमधून काकांकडे डोकावत असे. जेमतेम महिना झाला असेल, वर गेले तर कपाट पुन्हा उभं होतं. खिडकी झाकलेली. मी काही विचारण्याआधीच काका म्हणाले, "फळ्या नुसत्या टेकवून ठेवल्या तर वाकतात." मला इतका संताप आला की चहा न घेताच निघाले. काकूंना मी हे सांगितलं नाही. पण काकांनी स्वतःच फोनवर सांगून टाकलं. काकू म्हणे खूप हसल्या. मला नंतर म्हणाल्या, "त्यांना त्या कपाटात बरं वाटतं गं. मला तेवढं आधी कळायला हवं होतं." आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा फोन केला.

हे असं दीड वर्ष चाललं. दोनदा काकांनी तिकीट काढलं आणि दोनदा पुढे ढकललं. काकूंनी त्यांच्या खोलीला नवा रंग दिला, त्यांना जमिनीवर बसता येत नाही म्हणून एक साधी लाकडी खुर्ची आणून ठेवली. "तुमच्या फ्रेंच सुताराची नाही, आमच्या साताऱ्याच्या सुताराची आहे. हिचेही पाय चुकलेत, तुम्हाला आवडेल," असं सांगितलं. काका दोन दिवस त्या खुर्चीबद्दल बोलत होते. कुठलं लाकूड असेल, हात कसे असतील. मला वाटलं, आता हा माणूस नक्की जातो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी कामाला निघाले होते, तेवढ्यात काकांचा फोन आला. "अनघा, मला फ्रँकफर्टला सोडशील? शकूचा फोन आला होता. विजू गेली. झोपेतच." ते पुढे म्हणाले, "शकू म्हणते, तुम्ही येईपर्यंत आम्ही थांबतो. म्हणजे अजून थांबलीय ती माझ्यासाठी." आवाज अगदी कोरडा होता.

मी ऑफिसला कळवलं आणि गाडी त्यांच्या दाराशी उभी केली. मनात धरून चालले होते की तास दोन तास सहज जाणार. वाट्यांत पाणी भरायचं, पडदे ओढायचे, यंत्र बघायचं, शेजाऱ्यांना सूचना द्यायच्या. या घराला दोन दिवस सोडायचं म्हटलं तरी काकांची आठवडाभर तयारी चालायची. पण काका कोट घालूनच दारात उभे होते. हातात लहानशी बॅग. आतला दिवा घालवला, दार ओढलं, किल्ली फिरवली आणि गाडीत येऊन बसले.

"बाकीचं?" मी न राहवून विचारलं.

"बाकीचं काय?" ते म्हणाले.

आम्ही हायवेला लागलो. उजवीकडे कारखान्याच्या चिमण्या धूर सोडत उभ्या होत्या. बरंच अंतर गेल्यावर काका म्हणाले, "दार ओढायचं आणि निघायचं. एवढंच म्हणत होती गं ती." मला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही अगदी एकदम आलं. मी गाडीचा वेग तेवढा वाढवला, कारण विमान चुकून चालणार नव्हतं.